पानिपतात पाय अधू झाला, पण दिल्लीचा कारभार हाती घेतलाच : महादजी शिंदे

पानिपत म्हटलं की पराभव आठवतो. महादजी शिंद्यांची खरी गोष्ट मात्र तिथूनच सुरू होते.

१४ जानेवारी १७६१. रणातून निघालेल्या महादजींना एका अफगाण स्वाराने गाठलं, पायावर घाव घातला आणि मेले समजून तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणलं. पाय कायमचा अधू झाला. या राणेखानाला महादजींनी पुढे भाऊ मानलं, सरदार केलं.

दहाच वर्षांत मराठ्यांनी दिल्ली घेतली. अलाहाबादेत इंग्रजांच्या आश्रयाला असलेला बादशहा शाह आलम १७७२ मध्ये मराठ्यांच्या संरक्षणात परतला. १७८२ साली पेशवे आणि इंग्रजांमध्ये सालबाईचा तह घडवला तोही महादजींनीच. तलवार आणि बोलणी दोन्ही जमणारी माणसं तेव्हाही कमीच होती. १७८४ मध्ये पेशव्यांचे नायब म्हणून बादशाहीचा कारभार त्यांच्या हाती आला.

१७८८ मध्ये महादजी दूर असताना गुलाम कादिरने लाल किल्ल्यात शिरून बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने दिल्ली परत घेतली, कादिरला पकडलं, ठार केलं. आंधळा शाह आलम पुन्हा गादीवर बसला.

१२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीत महादजी गेले. आजची शिंदे छत्री तिथलीच. मुलगा नव्हता, गादीवर आले कोवळ्या वयाचे दत्तक दौलतराव.

सप्टेंबर १८०३ मध्ये दौलतरावांच्या फौजेला हरवून इंग्रज दिल्लीत शिरले. बादशहा तोच होता, आंधळा शाह आलम. संरक्षक बदलला होता.