ढोबळी मिरचीपासून वाळवंटापर्यंत

छायाचित्राचा विषय भव्यच असावा लागतो, ही समजूत ज्यांनी आपल्या कामातून खोटी ठरवली, त्यांत एडवर्ड वेस्टन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली ढोबळी मिरची असो वा कॅलिफोर्नियातील वाळूच्या अफाट टेकड्या, दोहोंकडे त्यांनी सारख्याच आदराने पाहिले.

२४ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, हायलँड पार्क येथे एका डॉक्टरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. ते पाच वर्षांचे असतानाच आई निवर्तली. १९०२ मध्ये वडिलांनी दिलेला कोडॅक कॅमेरा घेऊन ते शिकागोच्या उद्यानांतून हिंडू लागले. १९०६ मध्ये ते कॅलिफोर्नियात गेले आणि १९११ मध्ये त्यांनी ट्रॉपिको येथे स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्यांच्या धूसर, चित्रासारख्या छायाचित्रांना पारितोषिके मिळू लागली. पण गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी निगेटिव्हवर हात फिरवून चेहरे गुळगुळीत करण्याच्या धंद्याचा त्यांना उबग आला होता.

१९२२ मध्ये ओहायोतील एका पोलाद कारखान्याची धुराडी त्यांनी टिपली आणि धूसरपणा मागे पडला. पुढच्याच वर्षी पत्नी फ्लोरा व तीन लहान मुलांना मागे ठेवून, थोरल्या मुलासह व टिना मोदोत्ती यांच्यासोबत ते मेक्सिकोला गेले. कलेसाठी घेतलेल्या या निर्णयाची किंमत कुटुंबालाही मोजावी लागली. तेथे १९२५ मध्ये त्यांनी शौचकूपाच्या चकाकत्या भांड्याचे छायाचित्र काढले. कोणतीही वस्तू क्षुद्र नसते, हा धडा त्यांनी तेथे स्वतःच गिरवला.

मायदेशी परतल्यावर १९२७ मध्ये शंख-शिंपले आणि १९३० मध्ये कार्मेल येथे ढोबळी मिरच्या त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आल्या. कोणतीही पार्श्वभूमी मनाजोगती जमेना. अखेर एक मिरची त्यांनी पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवली. पत्र्यावरून परावर्तित झालेला प्रकाश तिच्या प्रत्येक वळणावर पसरला आणि कित्येक मिनिटांच्या एक्स्पोजरनंतर ३० क्रमांकाची ती जगप्रसिद्ध मिरची साकारली. पाहणाऱ्याला तिच्यात मानवी देहाचा पीळ दिसतो. काम संपल्यावर या मिरच्या जेवणात जात.

त्यांचा कॅमेरा आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा. छाप त्याच आकाराचा निघे. नंतर तो मोठा करणे वा कडा कापणे त्यांना मान्य नव्हते. काय घ्यायचे आणि काय वगळायचे, हे शटर दाबण्यापूर्वीच ठरलेले असे. १९३२ मध्ये अँसेल अ‍ॅडम्स आदींसह स्थापन झालेल्या ‘एफ ६४’ गटाचे नावही लेन्सच्या अत्यंत लहान छिद्राच्या मापावरून घेतलेले होते. त्या मापावर जवळचे व दूरचे सारेच स्पष्ट उमटते.

१९३६ मध्ये ओशियानोच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांची हीच नजर फिरली. १९३७ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार ठरले. दोन हजार डॉलरच्या त्या आधारावर कॅरिस विल्सन यांच्यासह मोटारीने हिंडत त्यांनी डेथ व्हॅलीसारखे प्रदेश टिपले. मंदीने माणसे देशोधडीला लागली असताना हे छायाचित्रकार दगड आणि झाडे टिपतात, अशी टीका त्या काळात झाली. खडकाचाही माणसांच्या जगाशी तितकाच संबंध आहे, या मतापासून वेस्टन ढळले नाहीत.

१९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तोवर कंपवाताने त्यांना ग्रासले होते. जड कॅमेरा पेलणे अशक्य होत गेले. १९४८ मध्ये लाडक्या पॉइंट लोबोसच्या किनाऱ्यावर त्यांनी शेवटचे छायाचित्र काढले. त्यात समुद्र नाही, क्षितिज नाही. आहेत ते किनाऱ्यावरचे दगडगोटे. पुढे त्यांच्या देखरेखीखाली मुलगा ब्रेट याने आठशेहून अधिक निगेटिव्हचे छाप तयार केले.

१ जानेवारी १९५८ रोजी कार्मेल येथील घरी त्यांचे निधन झाले. पॉइंट लोबोसच्या ज्या किनाऱ्यावर त्यांची रक्षा विसर्जित झाली, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.