एकट्याचे मत

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. दिव्याला, आमच्या सोसायटीच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सभा भरली होती. विषय दोनच. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला तडा गेला होता, तो बुजवायचा. आणि नव्या प्रवेशद्वाराच्या उद्घाटनाला पाहुणे बोलवायचे, त्यांच्यासाठी मांडव, बँड, शाल-श्रीफळ आणि अल्पोपाहार करायचा. शिल्लक होती ती दोन्हींपैकी एकाच कामाला पुरणारी. चर्चा फार झाली नाही. पाहुण्यांची तारीख मिळाली होती, टाकीचे काय, ती दिवाळीनंतरही होईल, असे सर्वांचे मत पडले.

सर्वांचे म्हणजे एक सोडून. तळमजल्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका उठून उभे राहिले आणि आपला विरोध इतिवृत्तात लिहून घ्या म्हणाले. मागे कोणीतरी हसले. इतिवृत्त मीच लिहीत होते. काकांचा विरोध मी लिहून घेतला आणि ठरावाच्या बाजूने, इतरांबरोबर, माझा हात वर केला.

त्या रात्री झोप लागेना. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. दर ११ एप्रिलला आणि दर २८ नोव्हेंबरला फळ्यावर महात्मा जोतीराव फुले यांचे नाव सुंदर अक्षरात लिहून मुलांपुढे भाषण केले. मुलींची शाळा सांगितली, सावित्रीबाईंच्या अंगावरचा शेणमातीचा मारा सांगितला, अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद सांगितला. पण जोतीराव सहा वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे कधी सांगितले नाही. आणि त्या रात्री मला आठवत होते ते नेमके तेवढेच.

जोतीरावांचा जन्म १८२७चा. घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याचा व्यवसाय हाती आल्यावर लोक त्यांना फुले म्हणू लागले. वडील गोविंदराव. आई लहानपणीच गेली. मराठी शाळेतून मुलाला काढून शेतात घातले होते. पण शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि जोतीराव मिशनऱ्यांच्या शाळेत इंग्रजी शिकले. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला, आणि त्याच वर्षी त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढच्याच वर्षी या कामापायी त्यांना आणि सावित्रीबाईंना वडिलांचे घर सोडावे लागले. हा भाग आपल्या सर्वांच्या पाठ आहे.

पाठ नसतो तो त्यांचा धंदा. जोतीराव कंत्राटदार होते. चुना, दगड, विटा पुरवायच्या, मजूर लावून बांधकामे करायची, हा त्यांचा व्यवसाय. कात्रजच्या बोगद्याचे, येरवड्याच्या पुलाचे, खडकवासल्याच्या धरणाचे अशी सरकारी कामे त्यांच्या हातून किंवा त्यांच्या पुरवठ्यावर झाली. मांजरीला त्यांनी जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकवून दाखवला. म्हणजे सार्वजनिक बांधकाम ही गोष्ट या माणसाने दोन्ही टोकांनी पाहिली होती. धरण बांधताना मजुराच्या हाताला पडणारे घट्टे पाहिले, आणि त्याच धरणाचे पाणी शेताला देण्यासाठी कारकुनापुढे हात जोडणारा कुणबीही पाहिला. कंत्राटाच्या कामात वरपासून खालपर्यंत कोणाकोणाचे हात ओले करावे लागतात, याची त्यांना पुरती माहिती होती आणि ती त्यांनी लिहूनही ठेवली. कंत्राटदाराने खात्यातली लाचलुचपत छापून आणायची, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

आपल्या दिव्याचाही या काळाशी एक धागा आहे. १८५३ साली आगगाडी ठाण्यापर्यंत धावली, १८५४ साली खाडी ओलांडून, मुंब्रा-दिव्याच्या बाजूने कल्याणला पोचली, आणि १८६३ साली बोरघाटातला मार्ग खुला झाल्यावर मुंबई-पुणे प्रवास रुळांवर आला. मुंबईच्या सत्यशोधकांना भेटायला जोतीराव जात, तेव्हा याच वाटेने गेले असणार. उजव्या-डाव्या हाताला तेव्हा भातखाचरे, मिठागरे आणि खाजण. आज सकाळच्या गाडीत ज्या जागेवर पाय ठेवायला जागा मिळत नाही, तिथून त्यांच्या गाडीचा धूर गेला असेल, असे मला प्लॅटफॉर्मवर उभी असताना कधीकधी वाटते.

१८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. ‘गुलामगिरी’ही त्याच वर्षीची. १८७६ साली सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले. १८८२पर्यंत ते तिथे होते. हा काळ ध्यानात घ्या. १८७६-७७ म्हणजे दख्खनच्या भीषण दुष्काळाची वर्षे. माणसे गावे सोडून रस्त्याला लागली होती. जोतीरावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडीला मुलांसाठी आश्रम काढला, भाकरीची सोय केली, मदतीची पत्रके काढली. दिवसा उपाशी मुलांच्या ताटात काय पडते ते पाहायचे आणि नगरपालिकेच्या बैठकीत शहराच्या शोभेचे विषय ऐकायचे, असे त्यांचे ते दिवस होते.

अशात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीचा विषय निघाला. हेच ते लिटन, ज्यांनी १८७८ साली देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव आला. जोतीरावांचे म्हणणे असे की, हा पैसा करदात्यांचा आहे. तो पाहुण्याच्या मानपत्रावर उधळण्यापेक्षा पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा. बत्तीस सभासदांपैकी विरोधी मत पडले ते एकट्या जोतीरावांचे. इथे एक गोष्ट विसरू नये. हे सभासद लोकांनी निवडून दिलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. ज्याने नेमले त्याच्याच सर्वोच्च अधिकाऱ्याच्या स्वागताला विरोध करायचा, आणि करणारा माणूस सरकारी कामांचा कंत्राटदार! गमावण्यासारखे त्यांच्याकडे पुष्कळ होते. माझ्याकडे काय होते? मागच्या रांगेतले हसू, एवढेच.

१८८० साली दारूच्या दुकानांचा विषय आला. सरकार परवाने देत चालले होते आणि पुण्याच्या पेठापेठांतून गुत्ते वाढत होते. जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना, प्लंकेट साहेबांना, पत्र लिहिले. शहराच्या आरोग्यासाठी नगरपालिका खर्च करते, त्यासाठी अधिकारी नेमते, आणि त्याच शहरात कित्येक कुटुंबांची धूळधाण करणारी ही दुकाने वाढू दिली जातात, हा विरोधाभास त्यांनी दाखवून दिला. गटार साफ करणे हे जसे आरोग्याचे काम, तसे घर उद्ध्वस्त होऊ न देणे हेही आरोग्याचेच, असा त्या विचाराचा अर्थ मी लावते. आजही महिलांचे गट गावोगावी दारूबंदीसाठी मतदान मागतात, तेव्हा त्या वाटेवरचे एक जुने पाऊल नगरपालिकेच्या एका सभासदाचे होते, हे ध्यानी येते.

मग मंडईचा प्रश्न. तोवर पुण्याची भाजी शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात विकली जाई. नगरपालिकेने भव्य दगडी मंडई बांधायचे ठरवले. जोतीराव स्वतः माळी, स्वतः भाजी पिकवणारे. त्यांनी तर या इमारतीचे सर्वांत आधी स्वागत करायला हवे होते. पण त्यांनी विरोध केला. गरिबांच्या मुलांच्या शाळांसाठी पैसा नाही म्हणायचे आणि दगडाच्या मनोऱ्याला तो काढायचा, हे त्यांना पटेना. नगरपालिकेची तिजोरी मुख्यतः जकातीवर चाले, आणि ती जकात कोठून येते हे ते जाणत होते. पहाटे गाडी जुंपून शहरात माल आणणारा शेतकरी नाक्यावर जकात भरतो, पुढे दलाल त्याला कापतो, आणि परतताना त्याच्या कनवटीला काय उरते, याचा हिशेब त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडला आहे. त्याच पुस्तकात धरणे, तलाव, बांधबंदिस्ती कशी करावी, रिकाम्या असलेल्या पलटणींकडून ती कशी करून घ्यावी, याच्याही सूचना आहेत. तेव्हा जोतीराव बांधकामाच्या विरोधात होते, असे कोणी समजू नये. कशाच्या आधी काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मंडई अर्थात बांधली गेली. १८८६ साली तिचे उद्घाटन झाले आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट हे नाव पडले.

१८८२च्या ऑक्टोबरात हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. त्यात नगरपालिकांविषयी दोन गोष्टी होत्या. मोठ्या शहरांतल्या प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा. पण शाळांचा कारभार मात्र संपूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी. सहा वर्षे आत बसून पाहिलेल्या माणसाचे हे मत. पैसा कुठून यावा हे त्यांना ठाऊक होते, आणि तो कुठे वाहून जातो हेही. नगरपालिकेच्या शाळेत शिकवत असताना मला हे कोणी सांगितले असते, तर खडूच्या पेटीसाठी अर्ज करताना मी थोड्या ताठ मानेने उभी राहिले असते.

यानंतरची वर्षे भराभर सरतात. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे, जन्माने आपल्या ठाण्याचे, यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. तिच्या लढ्यातून १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. वाचकहो, तुम्ही आज चहाबरोबर ही पुरवणी उलगडली आहे, त्यात या गुरु-शिष्यांचा थोडा वाटा आहे. १८८८च्या मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि हा खरा हिंदुस्थान असे राजपुत्राला ऐकवून आले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. दोन महिन्यांनी पक्षाघाताने उजवा हात गेला. तेव्हा डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. ते छापून झाले १८९१ साली, त्यांच्या मागे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. त्यांची इच्छा होती की आपला देह जाळू नये, घरामागे मिठात पुरावा. खड्डाही त्यांनी खणून ठेवला होता. पण वस्तीच्या जागेत दफनाला परवानगी देता येणार नाही, असे नगरपालिकेने कळवले. ज्या सभागृहात हा माणूस सहा वर्षे बसला, त्याच्याच नियमाने त्याची शेवटची इच्छा नाकारली. राग येण्यासारखी गोष्ट आहे, आणि मला पहिल्यांदा वाचली तेव्हा आलाही. मग वाटले, वस्तीत दफन नको हा नियम शहराच्या आरोग्याचा होता. जोतीराव सभासद असते आणि अर्ज दुसऱ्या कोणाचा असता, तर त्यांनी काय केले असते? मला सांगता येणार नाही. पण नियमाला माणसे नसतात, तो सर्वांना सारखा, ही मागणी तर त्यांनी जन्मभर केली. देहाचे दहन झाले. टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले. पुढे १८९७च्या प्लेगात, रुग्णांची सेवा करता करता त्याही गेल्या.

आणि ती मंडई? १९३०च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई झाले. ज्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, त्याच इमारतीवर आज त्यांचे नाव आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे त्यांचेच नाव दिले गेले. कोणी याला दैवाची थट्टा म्हणेल. मला तसे वाटत नाही. भाजीवाल्या बाया त्या दगडी छताखाली ऊन-पावसात निवांत बसल्या, याचा जोतीरावांना आनंदच झाला असता. मात्र त्यांचे नाव कमानीवर चढवताना त्यांचा प्रश्न आपण पायरीशी ठेवून आत गेलो, ही खंत राहते. शहरांत आजही अंदाजपत्रके होतात, स्वागतकमानी उभ्या राहतात, नळाची वाट पाहणारे वाट पाहतात. आधी काय, हे विचारणारे मत अजून बहुधा एकट्याचेच असते.

आमच्या उद्घाटनाला बँड झकास वाजला. मे महिन्यात टाकीचा तडा वाढला आणि चार रात्री आम्ही सगळे हंडे-कळश्या घेऊन टँकरपाशी उभे होतो. माझ्यापुढे काका होते, दोन बादल्या घेऊन. काही बोलले नाहीत. मीच म्हटले, काका, त्या दिवशी माझा हात चुकला. त्यांनी माझा हंडा पुढे सरकवला आणि आधी तो भरून घ्या म्हणाले.

जूनच्या सभेत टाकीचा ठराव मी मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. काकांच्या विरोधाची आठवण कोणी काढली नाही. पण मार्चच्या इतिवृत्तात ती एक ओळ आहे, माझ्याच अक्षरात. आता दर ११ एप्रिलला आमच्या इमारतीतल्या मुलांना जमवून मी जोतीरावांची गोष्ट सांगणार आहे. शाळा आणि हौद सांगून झाल्यावर नगरपालिकेतले ते एकटे मतही सांगणार आहे. आणि मुलांनी विचारले, की बाई, तुम्ही असता तर काय केले असते, तर वही काढून दाखवणार आहे.