डॉ. एदोआर्दो पोर्रो

पोट चिरून मूल बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया पुरातन खरी. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिचा अर्थ बहुधा मातेचा मृत्यू असाच होई. गर्भाशयाचा छेद शिवण्याची पद्धत रूढ नव्हती. ते आपोआप आकुंचन पावेल, या भरवशावर ते तसेच पोटात सोडून देत. मग रक्तस्राव तरी त्या माउलीला नेई, नाही तर काही दिवसांनी पूयविकार. इटलीतील पाव्हिया येथे तर या शस्त्रक्रियेतून एकही माता वाचलेली नव्हती.

याच पाव्हियात डॉ. पोर्रो प्रसूतिशास्त्राचे अध्यापक झाले. त्यांचा जन्म १८४२ साली पादुआ येथला. तारुण्यात ते गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांत सामील झाले होते. पुढे शस्त्र हाती राहिले, ते निराळ्या कामासाठी.

दिनांक २१ मे १८७६. पंचवीस वर्षांची पहिलटकरीण; मुडदूस होऊन कटिभाग इतका अरुंद झालेला, की नैसर्गिक प्रसूती अशक्य. क्लोरोफॉर्म देऊन डॉक्टरांनी छेद घेतला आणि जिवंत मुलगी बाहेर काढली. परंतु गर्भाशयाच्या जखमेतून रक्त थांबेना. गर्भाशयावाचून प्राणी जगू शकतात, हे प्रयोगांनी दिसून आले होते, बोस्टनच्या डॉ. स्टोरर यांनी १८६८ साली असाच उपाय योजला होता, पण ती स्त्री दगावली होती. पोर्रो यांनी मनाची तयारी आधीच करून ठेवली होती. गर्भाशयाच्या मुखाजवळ तारेचा फास आवळताच रक्त थांबले. मग गर्भाशय व डावा बीजकोश कापून काढला आणि उरलेला बुंधा पोटाच्या जखमेतच बाहेरच्या बाजूस अडकवून ठेवला, म्हणजे रक्त वा पू आत झिरपू नये. माय-लेकी दोघीही वाचल्या.

त्या स्त्रीचे मातृत्व तेथेच संपले, हे खरे. ही किंमत थोडी नव्हे, आणि पोर्रो यांनाही ती ठाऊक होती. पुढे ही शस्त्रक्रिया युरोपभर होऊ लागली. आरंभीच्या वर्षांत निम्म्याहून अधिक माता दगावल्याच. तरी पूर्वीच्या मानाने ही प्रगतीच म्हटली पाहिजे. १८८२ साली जर्मनीचे डॉ. झेंगर यांनी गर्भाशय नीट शिवण्याची रीत दाखवून दिली, तेव्हापासून ते काढण्याचे कारण क्वचितच उरले. परंतु प्रसूतीनंतरचा रक्तस्राव औषधांनी, टाक्यांनी वा रक्तवाहिन्या बांधूनही आवरला नाही, तर शेवटचा उपाय म्हणून आजही गर्भाशय काढावेच लागते.

डॉ. पोर्रो पुढे मिलानला गेले, तेथेच अध्यापन केले, इटलीच्या सिनेटचे सभासदही झाले. १९०२ साली मिलान येथेच त्यांचे देहावसान झाले.