न्यायाधीश वेअरिंग

अमेरिकेच्या दक्षिणेस साउथ कॅरोलिना हे राज्य आहे. तेथील चार्ल्सटन शहरात २७ जुलै १८८० रोजी ज्युलियस वेटीज वेअरिंग यांचा जन्म झाला. घराणे जुने व प्रतिष्ठित होते. पूर्वजांनी गुलाम बाळगले होते. गुलामगिरी १८६५ साली बंद झाली. पण गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्याच राहिल्या. वेअरिंग या वातावरणात वाढले. बरीच वर्षे त्यांना त्यात काही गैर वाटले नाही.

पुढे ते वकील झाले. १९४२ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना केंद्र सरकारच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश नेमले. या न्यायालयात खटला प्रथम उभा राहतो आणि साक्षीपुरावे होतात. येथील न्यायाधीशाची नेमणूक तहहयात असते.

कृष्णवर्णीय शिक्षकांना त्याच कामासाठी कमी पगार मिळत असे. १९४४ साली वेअरिंग यांनी समान पगाराचा हुकूम दिला.

फेब्रुवारी १९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सैनिक लष्करातून मुक्त होऊन बसने घरी निघाला होता. अंगावर अजून गणवेश होता. वाटेत एका पोलीस अधिकाऱ्याने त्याला इतके मारले, की त्याचे दोन्ही डोळे गेले. वेअरिंग यांच्यासमोर खटला चालला. परंतु ज्यूरीतील सर्व गोऱ्या पंचांनी सुमारे अर्ध्या तासात अधिकाऱ्याला निर्दोष ठरवले. ज्यूरीचा निर्णय न्यायाधीशाला मानावाच लागला. ही गोष्ट वेअरिंग यांच्या मनाला फार लागली. ते वंशभेदावरील पुस्तके वाचू लागले, विचार करू लागले.

त्या काळी पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानात कृष्णवर्णीयांना भाग घेता येत नसे. १९४७ साली वेअरिंग यांनी ही बंदी बेकायदेशीर ठरवली. पुढच्याच वर्षी हजारो कृष्णवर्णीयांनी मतदान केले. शहरातील गोरे लोक मात्र संतापले. मित्रांनी बोलणे सोडले. १९५० साली त्यांच्या घरावर दगडफेक झाली. तरी वेअरिंग डगमगले नाहीत.

क्लॅरेंडन परगण्यात गोऱ्या मुलांसाठी ३० शाळाबस होत्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. त्यांचे पालक न्यायालयात आले. थरगुड मार्शल त्यांचे वकील होते. १९५१ साली तीन न्यायाधीशांसमोर सुनावणी झाली. दोघांनी वेगळ्या शाळा कायदेशीर ठरवल्या. एकट्या वेअरिंग यांनी विरुद्ध मत लिहिले. मुलांना वेगळे ठेवणे हीच विषमता आहे, असे त्यांचे म्हणणे होते. खटला पालक हरले.

१९५२ साली निवृत्त होऊन वेअरिंग न्यूयॉर्कला गेले. दोन वर्षांनी, १७ मे १९५४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. एकट्या न्यायाधीशाचे मत आता देशाचा कायदा झाले.

११ जानेवारी १९६८ रोजी वेअरिंग यांचे निधन झाले. चार्ल्सटनमध्ये दफनाच्या वेळी सुमारे दोनशे कृष्णवर्णीय जमले होते. गोरे मोजकेच होते. २०१५ साली त्याच शहरातील न्यायालयाच्या इमारतीला वेअरिंग यांचे नाव देण्यात आले. ज्या शहराने त्यांना दूर केले, त्याच शहराने शेवटी त्यांचा मान राखला.