डिग्री नसलेला विमानवाला

आमच्या फुलसावंगीत विमानाचा विषय निघाला की लोक आजही जरा गप्प होतात. ऑगस्ट २०२१ मध्ये गावातल्या एका तरुण कारागिराने स्वतः पत्रा कापून, वेल्डिंग करून बनवलेलं हेलिकॉप्टर चाचणीसाठी सुरू केलं. पातं तुटलं आणि त्यात त्याचा जीव गेला. हातात कसब होतं, जिद्द तर होतीच. पण पातं तपासून, आज नको, थांब, असं सांगणारं माणूस आणि व्यवस्था त्याच्यामागे नव्हती.

बी.ई. झाल्यावर एव्हिएशन मॅनेजमेंट करायचं असं मी म्हणतो, तेव्हा घरचे विचारतात की पायलट नाही, विमानाचा इंजिनियर नाही, मग तू तिथे करणार तरी काय? याचं उत्तर मला जे. आर. डी. टाटांच्या आयुष्यात सापडलं. ते पायलट म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. मला मात्र त्यांनी जमिनीवर केलेलं काम जास्त मोठं वाटतं.

जहांगीर टाटांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. आई सुझान फ्रेंच, वडील आर. डी. टाटा. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या समुद्रकिनारी राहायचं, आणि शेजार होता लुई ब्लेरियोचा. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा तोच ब्लेरियो. एवढा शेजार लाभल्यावर पोराला विमानाचं वेड लागणार नाही तर काय!

केंब्रिजला इंजिनियरिंग शिकायचं ठरलं होतं. पण १९२५ मध्ये वडिलांनी भारतात बोलावून घेतलं आणि बिनपगारी उमेदवार म्हणून कंपनीत बसवलं. टेबल दिलं जॉन पीटरसन या अनुभवी अधिकाऱ्याच्या खोलीत. पीटरसनकडे जाणारी प्रत्येक फाईल आधी या पोराच्या टेबलावरून जायची. पुढच्याच वर्षी वडील वारले. डिग्री राहिली ती राहिलीच, आणि त्याची खंत त्यांना आयुष्यभर होती. तेव्हा विमान वाहतुकीचं व्यवस्थापन शिकवणारं कॉलेज आपल्याकडे नव्हतं. आज रायबरेलीजवळ फुरसतगंजला २०१३ च्या कायद्याने झालेलं स्वतंत्र विमानन विद्यापीठ आहे. जे.आर.डीं.चं विद्यापीठ म्हणजे पीटरसनची खोली.

१० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना पायलटचं लायसन्स मिळालं, भारतात दिलेलं पहिलं, नंबर एक. १९२९ मध्ये आगाखानांनी भारत-इंग्लंड एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावलं. जे.आर.डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर उलट दिशेने. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पीकडे स्पार्क प्लग नव्हते, जे.आर.डीं.नी आपल्याकडचे दिले, आणि शर्यत अस्पीने जिंकली. हेच अस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

खरा अभ्यास यानंतर सुरू होतो. नेव्हिल व्हिन्सेंट हा वैमानिक टाटांकडे योजना घेऊन आला. लंडनहून येणारी टपाल विमानं कराचीला थांबत, तिथून पत्रं पुढे न्यायची होती. सरकार अनुदान द्यायला तयार नव्हतं. वृद्ध दोराबजी टाटांचं मन पीटरसनने वळवलं, भांडवल जेमतेम दोन लाख. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डीं.नी पुस मॉथ विमानातून टपाल कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला आणलं. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून! मुंबईहून बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत व्हिन्सेंटने नेलं. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, म्हणून त्या दिवसांत मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

पहिल्या वर्षीचे आकडे बघा. १ लाख ६० हजार मैल उड्डाण, सुमारे पावणेअकरा टन टपाल, प्रवासी फक्त १५५, नफा ६० हजार रुपये. १५५ प्रवासी म्हणजे तीन एसटी गाड्या. कंपनी जगली ती पत्रांवर आणि वेळ पाळण्यावर. आकाश कितीही मोकळं असलं तरी खर्च-उत्पन्नाचा मेळ वहीतच बसतो, हे त्यांना सुरुवातीलाच कळलं होतं.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. परदेशी सेवेसाठी १९४८ मध्ये वेगळी कंपनी निघाली, त्यात ४९ टक्के सरकार, २५ टक्के टाटा, बाकी जनता. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस लंडनला निघालं. हेच विमान १९५० मध्ये माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं आणि त्यातले सगळे, ४८ जण, गेले. एवढी नावाजलेली कंपनी, तरीही.

आपल्या विदर्भाचा संबंध इथे येतो. १९४९ मध्ये दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी रात्रीची टपालसेवा सुरू केली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून विमानं मध्यरात्री नागपूरला यायची, पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळपर्यंत ती परत. आज पुस्तकात ज्याला हब म्हणतात ते नागपुरात तेव्हाच होतं. जे.आर.डी. या घाईच्या विरोधात होते. रात्री उतरायला लागणारी साधनं पुरेशी नाहीत आणि हिशोबही बसत नाही, असं त्यांचं मत. ते काम दुसऱ्या कंपन्यांकडे गेलं. सेवा दोन दशकांहून जास्त चालली, तेव्हा त्यांचा अंदाज पूर्ण बरोबर होता असं मी म्हणणार नाही. पण मंत्र्याला तोंडावर नाही म्हणायचं, तेही साधनांच्या मुद्द्यावर, याला दम लागतो राव.

१९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. ते त्यांना अजिबात पटलं नव्हतं, तरी परदेशी सेवेच्या महामंडळाचं अध्यक्षपद स्वीकारलं आणि पंचवीस वर्षं सांभाळलं. विमानातून प्रवास केला की चहाचा रंग, पडदे, काउंटरवरची धूळ असल्या गोष्टींची टिपणं अधिकाऱ्यांना जायची. (आमच्या मेसच्या चहावर त्यांनी काय लिहिलं असतं, याची कल्पना करवत नाही!) १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं सम्राट अशोक हे जंबो मुंबईजवळ समुद्रात कोसळून २१३ जण गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मोरारजी सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून काढलं. १९८० मध्ये ते संचालक मंडळावर परत आले.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, ७८ वर्षांचे जे.आर.डी. लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून एकटे कराचीहून मुंबईला आले. १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात निधन झालं आणि पॅरिसच्या पेर लाशेझ कब्रस्तानात दफन. एअर इंडिया टाटांकडे परत आली ती २७ जानेवारी २०२२ ला, त्यांच्या मागे अठ्ठावीस वर्षांनी.