ट्रॅफिक सिग्नलचा शोध गॅरेट मॉर्गन यांनी लावला, हे कितपत खरं?

ट्रॅफिक सिग्नलचे जनक म्हणून गॅरेट मॉर्गन यांचा फोटो सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतो. हा दावा खरा नाही. पण त्यांचं श्रेय खरोखर हिरावलं गेलं होतं. ते कसं, जाणून घेऊया.

कोण होते मॉर्गन?

४ मार्च १८७७ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण प्राथमिक शाळेपर्यंतच. १८९५ मध्ये ते क्लीव्हलंडला आले आणि शिलाई मशीन दुरुस्त करू लागले. १९०७ मध्ये त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं.

शोध त्यांचा, चेहरा दुसऱ्याचा

धुरातही श्वास घेता यावा म्हणून त्यांनी डोक्यावर चढवायचा मास्क बनवला. त्याची लांब नळी जमिनीलगतची स्वच्छ हवा ओढून घ्यायची. १९१४ मध्ये पेटंट मिळालं. पण कृष्णवर्णीय माणसाकडून खरेदी करायला अनेक जण तयार नसत. म्हणून प्रात्यक्षिकाच्या वेळी गोऱ्या अभिनेत्याला संशोधक म्हणून उभं केलं जायचं.

जुलै १९१६ मध्ये इरी सरोवराखालच्या पाण्याच्या बोगद्यात स्फोट झाला. मॉर्गन आणि त्यांचे भाऊ हेच मास्क घालून आत उतरले आणि अडकलेल्यांना बाहेर काढलं. तरी सुरुवातीच्या अनेक बातम्यांत त्यांचं नावच नव्हतं. शौर्यासाठीचं कार्नेगी पदकही त्यांना मिळालं नाही. उलट मास्क कोणी बनवला हे समजल्यावर दक्षिणेतल्या काही शहरांनी ऑर्डर रद्द केल्या.

मग सिग्नलचं काय?

लंडनमध्ये १८६८ मध्येच गॅसवर चालणारा सिग्नल लागला होता. खुद्द क्लीव्हलंडमध्ये १९१४ मध्ये विजेचा सिग्नल आला, तर १९२० मध्ये डेट्रॉइटमध्ये तीन रंगांचा. मॉर्गन यांना पेटंट मिळालं २० नोव्हेंबर १९२३ रोजी. त्यांचा सिग्नल हाताने फिरवायचा, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा खांब होता. 'थांबा' आणि 'जा' यांच्या जोडीला त्यात तिसरी स्थिती होती: सगळ्या दिशांची वाहनं थांबवायची. तेवढ्यात चौक मोकळा होई आणि पायी चालणाऱ्यांना रस्ता ओलांडता येई. आज अनेक चौकांत काही क्षण चारही बाजू लाल असतात, त्यामागचा विचार हाच.

२७ जुलै १९६३ रोजी मॉर्गन यांचं निधन झालं. क्लीव्हलंडच्या एका जलशुद्धीकरण केंद्राला आज त्यांचं नाव आहे.