उसात रानगवत शोधणाऱ्या आणि जंगलासाठी लढलेल्या डॉ. जानकी अम्मल

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला को ८६०३२ ही जात वेगळी सांगायला नको. पण त्यातला ‘को’ म्हणजे कोइम्बतूर, हे सगळ्यांनाच ठाऊक असेल असं नाही. तमिळनाडूतल्या या शहरात १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झालं. आणि १९३४ पासून पाच वर्षं तिथे एक बाई उसाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होत्या. त्यांचं नाव डॉ. जानकी अम्मल.

जानकी यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातल्या तलश्शेरी इथे झाला. वडील न्यायखात्यात होते, पण जीव बागेत आणि पाखरांत. घर मोठं, भावंडं भरपूर. त्यांचा तिय्या समाज तेव्हा खालचा मानला जायचा. बहिणींची लग्नं होत गेली. जानकी यांचंही नात्यातल्या मुलाशी जमवायचं चाललं होतं. त्यांनी मात्र शिकायचं ठरवलं. मद्रासला वनस्पतीशास्त्र शिकून त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट घेतली. पुढे लग्न केलंच नाही.

उसाचा रानटी भाऊ

ओढ्याकाठी, नदीच्या गाळात कास गवत उगवतं. पावसाळा सरला की त्याला पांढरे तुरे येतात. आपण त्याला तण म्हणून उपटतो किंवा पेटवून देतो. पण हे गवत म्हणजे उसाचा रानटी भाऊ. जाड, गोड उसाला रोग लवकर धरायचे, थंडी सोसायची नाही. कास गवत काटक. कोइम्बतूरच्या शास्त्रज्ञांनी गोड उसाचा या गवताशी संकर केला आणि त्यातून १९१८ साली को २०५ ही जात आली. तेव्हापासून आपल्याकडच्या संकरित उसात या रानगवताचा अंश आहे.

जानकी अम्मल यांनी या उसाच्या आणि रानगवताच्या पेशींतल्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. गुणसूत्रं म्हणजे पेशीतले बारीक धागे. झाडाचे गुण त्यांच्यातून पुढच्या पिढीत जातात. ते मोजले की कोण कुणाच्या कुळातलं, कुणाचा संकर जमेल, हे कळतं. उसाचा मक्याशी, ज्वारीशी संकर करण्याचे प्रयोगही त्यांनी केले. काम नाव काढण्यासारखं होतं, पण एकट्या बाईला, त्यात खालच्या मानलेल्या जातीतल्या, तिथे सुखानं काम करू दिलं गेलं नाही.

१९३९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि महायुद्धामुळे तिथेच राहिल्या. लंडनवर बॉम्ब पडत असतानाही काम थांबलं नाही. १९४५ मध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांनी पिकांच्या आणि बागेतल्या झाडांच्या गुणसूत्रांवर मोठा ग्रंथ काढला. जगभरच्या अभ्यासकांनी तो वापरला.

जळालेलं झाड

१९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या परत आल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेची घडी नव्यानं बसवायचं काम त्यांच्याकडे आलं. देशात कुठे काय उगवतं, याची नोंद ठेवणारी ही संस्था. तिची विभागीय केंद्रं याच काळात उभी राहिली. पुण्याचं केंद्र १९५५ मधलं.

देशाला धान्य हवं होतं. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत रान तोडून जमीन नांगराखाली आणली जात होती. त्याच काळात शिलाँगजवळ चाफ्याच्या कुळातलं एक दुर्मिळ झाड पाहायला जानकी अम्मल ३७ मैल गेल्या. त्या भागात तसलं ते एकच उरलं होतं. पोचल्या तेव्हा ते जळून गेलेलं होतं.

पोटासाठी शेती लागतेच, हे ऊस सुधारायला राबलेल्या बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. पण रान संपलं तर उद्याच्या पिकाला काटकपणा कुठून आणायचा, हा त्यांचा प्रश्न होता. आदिवासींना झाडपाल्याची जी माहिती आहे, तीही जपली पाहिजे, असं त्या मांडत राहिल्या.

ऐंशीच्या घरात शेवटची लढाई

१९७० नंतर त्या मद्रासला राहिल्या. त्या दशकात केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधायचं घाटत होतं. त्यात आठ चौरस किलोमीटरहून जास्त सदाहरित जंगल बुडणार होतं. विजेची गरज खरी होती, धरणाच्या बाजूनं बोलणारेही पुष्कळ होते. पण शाळामास्तर, कवी, शास्त्रज्ञ विरोधात उभे राहिले आणि ऐंशीच्या घरातल्या जानकी अम्मल त्यांच्या सोबत आल्या. जंगल पाण्याखाली जाण्याआधी तिथल्या झाडांच्या गुणसूत्रांची नोंद करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१९८३ मध्ये धरणाचा प्रकल्प सोडून देण्यात आला. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी जानकी अम्मल वारल्या. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. ते पाहायला त्या नव्हत्या.

तोडलेल्या रानाच्या जागी रोपं लावता येतात. पण जी जातच संपली तिचं बी कुठल्याच रोपवाटिकेत मिळत नाही. ओढ्याकाठचं कास, बांधावरची बोर, डोंगरावरची करवंदीची जाळी, देवराईतली जुनी झाडं हे सगळं कुणी न पेरता आलेलं बियाणं आहे. बांध पेटवण्याआधी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं. आज शेतात उभा असलेला ऊसही अशाच एका गवताच्या जोरावर उभा आहे.